मानसोपचार तज्ज्ञाकडे पहिल्यांदा जाताय? आधी हे वाचून घ्या

माझ्या दादाला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी पार तळाला तर कधी अतिच उसळीला. हे नाव कळायला आम्हाला अडीच वर्षं लागली आणि त्यातली दोन तरी आमच्याच चुकीने गेली, कारण आम्ही डॉक्टरांना अर्धीच गोष्ट सांगत होतो. दादा उदास असला, आंघोळ करेना, रानात जाईना, की आम्ही त्याला घेऊन जायचो. आणि मग तो बरा व्हायचा, म्हणजे आम्हाला वाटायचं बरा झालाय, पहाटे तीनला उठून गोठा झाडतोय, गाणी म्हणतोय, सगळ्यांना हसवतोय, एका आठवड्यात मंडपाचा धंदा काढायचा म्हणून दोनशे खुर्च्यांची ऑर्डर देऊन आलाय. आम्ही खूश. आईने पेढे वाटायचे तेवढे राहिले होते. त्या खुर्च्यांबद्दल डॉक्टरांना कुणी सांगितलंच नाही, कारण हासुद्धा आजार असेल हे डोक्यातच आलं नाही. डॉक्टरांनी ऐकलं त्याप्रमाणे डिप्रेशनची गोळी दिली, आणि बायपोलरवाल्याला नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर तो उलटा उसळू शकतो. तसाच उसळला.

म्हणून हा लेख. शुगरसारखी ह्या आजारांची रक्ताची टेस्ट नसते, पेशंट आणि घरचे काय सांगतात, पेशंट समोर कसा बसतो-बोलतो, ह्यावरच निदान होतं. तुम्ही अर्धं सांगितलं तर औषधही अर्धवटच मिळणार. मी डॉक्टर नाहीये, घरातलं एक माणूस आहे, तेव्हा इथे वाचून गोळ्या बदलू नका, पण काय होतं, कुठे अडतं ते सांगते.

१. आधी अंदाज घ्या की हे नक्की कशासारखं आहे

निदान तुम्ही करायचं नाहीये. पण साधारण प्रकार माहीत असले की काय बघायचं आणि काय सांगायचं ते कळतं.

डिप्रेशन म्हणजे दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज, दिवसभर मन उदास किंवा कशातच गोडी नाही, त्यासोबत झोप-भूक बिघडणं, थकवा, आपण कुचकामी आहोत असं वाटणं, मरणाचे विचार. आपल्याकडे, खासकरून बायका, "मला उदास वाटतंय" असं म्हणतच नाहीत. अंग दुखतं, डोकं जड आहे, ऍसिडिटी आहे, असं म्हणतात आणि वर्षभर ऍसिडिटीच्या गोळ्या खातात. बाळंतपणानंतरही हे होतं, तिथे "हिला आई होता येत नाही" असले टोमणे मारण्याआधी डॉक्टरला दाखवा.

चिंतेचे आजार बरेच आहेत. त्यात पॅनिक अटॅक लोकांना सगळ्यात जास्त घाबरवतो. छाती धडधडते, घाम, श्वास कोंडतो, आता मेलोच असं वाटतं. पहिल्यांदा झालं तर हृदयाचंच समजून हॉस्पिटलला जा, ते बरोबरच आहे. पण चार वेळा ईसीजी नॉर्मल येऊनही पाचव्यांदा तिथेच पळत असाल तर मानसोपचार तज्ज्ञाकडे जायची वेळ झालीय.

ओसीडी म्हणजे नुसती स्वच्छतेची आवड नव्हे. नको असलेला विचार डोक्यात परत परत घुसतो आणि तो शांत करायला माणूस परत परत काहीतरी करतो, हात धुतो, कडी बघतो, मोजतो. काहींना देवाबद्दल घाण विचार येतात, किंवा आपण आपल्याच पोराला इजा करू अशी भीती वाटते, आणि लाजेपोटी ते दहा-दहा वर्षं कुणाला सांगत नाहीत. डॉक्टरांनी हे शेकडो वेळा ऐकलेलं असतं, बिनधास्त सांगा.

स्किझोफ्रेनियात कानात आवाज येतात, लोक माझ्याविरुद्ध कट करतायत, शेजारी मोबाईलवरून माझ्यावर नजर ठेवतोय असं पक्कं वाटतं. बहुतेक वेळा तरुणपणी सुरू होतो. पोरगं एकटं बसायला लागलं, अभ्यासातून उडालं, स्वतःशी पुटपुटतंय, इथून सुरुवात असते. पेशंटला आपण आजारी आहोत हेच पटत नाही, त्यामुळे वाद घालून उपयोग नसतो. दुहेरी व्यक्तिमत्व वगैरे जे सिनेमात दाखवतात त्याचा ह्याच्याशी संबंध नाही.

बायपोलर वर सांगितलाच. झोप तीन तास आणि तरी थकवा नाही, बडबड, खर्च, मोठ्या मोठ्या योजना, चिडचिड, आणि मग कधीतरी तळ गाठणं. आणि एक दारू. रोज भरपूर पिणाऱ्याला घरच्यांनी कोंडून एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. दारू सोडवायचीच आहे तर डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडवा. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय, तिथे चौकशी केली तरी वाट कळते.

"आमच्याच घरात का" असं वाटत असेल तर, निमहान्स ह्या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातल्या साधारण दर दहा प्रौढांमागे एकाला कुठला ना कुठला मानसिक आजार निघाला होता, आणि आजाराप्रमाणे बघितलं तर ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना. त्यामुळे तुमच्या गल्लीतही आहेत, सांगत नाहीत एवढंच.

२. डॉक्टरकडे जायच्या आधी वही घाला

ही पायरी सगळे गाळतात. शंभर पानी वही घ्या आणि लिहा: कधीपासून, पहिला बदल कुठला दिसला, झोप किती तास, जेवण, कामावर जातो का, पैशाचा काही गोंधळ, कुणावर संशय, मरणाबद्दल काही बोलला का. आणि उदास काळासोबत "जास्तच आनंदी" काळही लिहा, हे मी खुर्च्यांचे पैसे फेडून शिकले आहे. आई-वडील, मामा, आत्या, कुणाला असं काही होतं का तेही विचारा. आमच्याकडे वहीच्या निमित्ताने कळलं की आजोबांचे भाऊ "डोक्यावर परिणाम होऊन" घर सोडून गेले होते. साठ वर्षं कुणी बोललं नव्हतं.

आता वहिनी रोज एकच ओळ लिहिते. "१२ तारीख. झोप ५ तास. भांडला नाही. दोन भाकऱ्या." डॉक्टर आधी ती पानं चाळतात, मग आमच्याशी बोलतात.

३. कोणाकडे जायचं, इथे फार घोळ होतो

मानसोपचार तज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट. एमबीबीएस करून पुढे एमडी, डीएनबी किंवा डीपीएम. औषध हाच लिहितो. मानसशास्त्रज्ञ म्हणजे सायकॉलॉजिस्ट, हा बोलून उपचार करतो, चाचण्या घेतो, गोळ्या लिहीत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयचं, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं रजिस्ट्रेशन असतं, नंबर विचारायला लाजू नका. आणि समुपदेशक, काउन्सिलर, ही पाटी आपल्याकडे दोन दिवसांचा कोर्स करूनही लावतात, तेव्हा शिक्षण विचारा.

ढोबळ हिशोब असा की आवाज येतायत, संशय, झोप पार उडालीय, खाणं बंद, मरणाचे विचार, तर सरळ सायकियाट्रिस्ट. ताण, नात्यातली भांडणं, सौम्य चिंता असेल तर सायकॉलॉजिस्टपासून सुरुवात चालते.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, केस पेपर काढून दाखवता येतं. मुंबईत केईएम, नायर, सायन, जेजे, पुण्यात ससून. राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी, गोव्यात बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय. ह्यांच्या नावाने आपण आयुष्यभर विनोद केलेत ना, "ह्याला येरवड्याला टाका", म्हणून तिथे पाय टाकायला जड जातं. पण तिथे ओपीडी असते, दाखवून औषध घेऊन संध्याकाळी घरी येता येतं, गेलं की कोंडून ठेवतात हा गैरसमज आहे. ठाण्याची आयपीएच ही संस्था डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केली, समुपदेशन हवं असेल तर तिकडच्या लोकांना ते नाव माहीतच असतं.

कुठे जायचं तेच कळत नसेल तर आधी १४४१६ लावा. ही सरकारची टेली मानस लाईन, २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात.

देवाधर्माबद्दल थोडं. बाहेरचं आहे, करणी केलीय, हे प्रत्येक घरात निघतं, आमच्याकडेही निघालं, अंगारा आणला, लिंबू उतरवलं. आईशी मी भांडले नाही. तिला म्हणलं तू नवस बोल, मी नंबर लावते. पण जिथे माणसाला साखळीने बांधतात, मारतात, किंवा गोळ्या बंद करा म्हणतात तिथे अजिबात नेऊ नका. २००१ मध्ये तामिळनाडूत एरवाडीला आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेले पेशंट पळू शकले नाहीत, २८ जण गेले. शिवाय भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं हा आपल्याकडे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

४. पहिल्या दिवशी पिशवीत काय असावं

- वही
- आधीच्या सगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, फॅमिली डॉक्टरच्यासुद्धा
- चालू गोळ्यांच्या पट्ट्या, रिकाम्या असल्या तरी. बीपी, शुगर, थायरॉईड, आयुर्वेदिक काढे, सगळं
- थायरॉईड, बी-१२, हिमोग्लोबिन, शुगर केले असतील तर रिपोर्ट. थायरॉईड कमी असलं तर हुबेहूब डिप्रेशनसारखं दिसतं, म्हणून डॉक्टर हे बहुतेक सांगतातच
- आधार कार्ड आणि त्याची झेरॉक्स, सरकारीत लागते
- पाणी, बिस्किटं, मोबाईलचा चार्जर. सरकारी ओपीडीत अर्धा दिवस जातो, लवकर निघा
- पेशंटसोबत राहणारं माणूस. शहरात नोकरीला असलेला हुशार भाऊ नको, रोज त्याच्यासोबत जेवणारी बायको किंवा आई हवी

पेशंट यायलाच तयार नसेल तर "तुला वेड लागलंय" म्हणू नका. "झोप येत नाहीये ना तुला, झोपेसाठी दाखवू" हे दादाला चाललं, आणि ते खोटंही नव्हतं. तरीही नाहीच आला तर घरच्यांनी एकदा डॉक्टरला भेटून या, ते पुढचं सांगतात. चहा-दुधात गुपचूप गोळी मिसळणं मात्र टाळा. एकदा त्याला कळलं की तो तुमच्या हातचं जेवणही सोडतो, आणि संशयाचा आजार असेल तर विचारूच नका.

५. आत गेल्यावर

पहिली भेट लांबलचक असते, बऱ्याचदा पेशंटशी एकट्याने आणि घरच्यांशी वेगळं बोलतात. पाठीमागे बोलतायत असं समजू नका. खुर्चीत बसल्या बसल्या तीन गोष्टी विचारून घ्या: आजाराचं नाव काय वाटतंय, गोळीचा परिणाम किती दिवसांनी दिसेल, आणि काय झालं तर लगेच फोन करायचा. निदान पहिल्याच दिवशी पक्कं होईल असं नाही, दोन-तीन भेटींनंतर बदलतंही. त्याने डॉक्टर कच्चा ठरत नाही. पण डॉक्टर ऐकूनच घेत नसेल, पाच मिनिटांत बाहेर काढत असेल, तर दुसरा बघा, फक्त फाईल तीच ठेवा, दर वेळी नव्याने सुरुवात नको.

६. गोळ्या (इथेच सगळे घसरतात)

आमच्या भावकीत प्रत्येकाचं एकच वाक्य, "त्या झोपेच्या गोळ्या असतात, सवय लागते." ह्यात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी आहे. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम ह्या गोळ्यांची सवय लागते, हे खरं. म्हणून डॉक्टर त्या थोड्या दिवसांसाठी देतात आणि हळूहळू काढतात, तुम्ही शेजारणीच्या सांगण्यावरून मेडिकलमधून आणून वर्षभर खाऊ नका. पण डिप्रेशन-चिंतेच्या एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ह्या त्या जातीच्या नाहीत, त्यांची नशा नसते.

ह्या गोळ्यांचा त्रास आधी होतो आणि गुण नंतर येतो. पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थपणा, पोट बिघडणं, आणि बरं वाटायला दोन ते चार आठवडे, कधी सहा. ओसीडीत तर दोन-तीन महिने लागू शकतात आणि डोसही जास्त लागतो. दहाव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून सोडणारे लोक मी इतके बघितलेत. तरुण पोरापोरींना गोळी सुरू झाली की पहिले काही आठवडे लक्ष ठेवा, जास्त अस्वस्थ झाले किंवा मरणाचं बोलले तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन.

दुसरं घसरणं बरं वाटल्यावर. पहिल्याच वेळचं डिप्रेशन असेल तरी बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवायला सांगतात. मध्येच एकदम बंद केली तर चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, आजारही उलटतो. बंद करायचीच असेल तर डॉक्टर टप्प्याटप्प्याने करतात. बायपोलर आणि स्किझोफ्रेनियात गोळ्या खूप वर्षं चालतात, बीपीसारख्या, हे आधीच मनाशी धरून ठेवलं की दर महिन्याला "कधी सुटणार" म्हणून जीव जात नाही.

स्किझोफ्रेनिया-बायपोलरला देतात त्या ओलान्झापिनसारख्या गोळ्यांनी वजन आणि शुगर वाढू शकते. वजनकाटा घ्या, महिन्याला लिहा. क्लोझापिन असेल तर सुरुवातीला दर आठवड्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासतात, ती टेस्ट चुकवायची नाही. व्हॅल्प्रोएट चालू असेल आणि मूल होण्याचं वय असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, गर्भाला धोका असतो.

आणि लिथियम, बायपोलरची मूड स्थिर ठेवणारी गोळी. दादा त्याच्यावर आहे म्हणून जरा जास्त लिहिते. उत्तम औषध आहे, पण त्याचं रक्तातलं प्रमाण कमी-जास्त झालेलं चालत नाही, म्हणून लेव्हल तपासतात. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं, म्हणजे रात्रीची गोळी घेऊन सकाळची न घेता लॅबमध्ये, हे आम्हाला दुसऱ्या टेस्टला कळलं, पहिली वाया. किडनी आणि थायरॉईडही ठरावीक महिन्यांनी बघतात. मे महिन्यात एका लग्नात त्याला जुलाब लागले, वर गुडघा दुखतोय म्हणून कुणीतरी दिलेल्या वेदनाशामक गोळ्या दोन दिवस खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने चहा दिला तर कप बशीवर खडखड वाजायला लागला, चहा सगळा बशीत. आम्हाला वाटलं अशक्तपणा. मग बोलणं जड झालं, चालताना झोकांड्या जायला लागल्या. लिथियम रक्तात चढलं होतं, सलाईनवर ठेवावं लागलं. तेव्हा लिथियमवाल्यांनो, जुलाब-उलट्या, कडक ऊन, अळणी उपवास, पाणी कमी पिणं, आयबुप्रोफेन-डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या, ह्या सगळ्यांनी लेव्हल वर जाऊ शकते. आमच्या मेडिकलवाल्याला आता वहिनीने सांगूनच ठेवलंय की ह्यांना अंगदुखीची गोळी विचारल्याशिवाय द्यायची नाही.

बायपोलरवाल्यांना जागरण हे विषच. गणपतीत रात्रभर मंडळात, किंवा जागरण-गोंधळाला पहाटेपर्यंत, असं दोन रात्री झालं की तिसऱ्या दिवशी गाडी सुटते. दादा आता आरतीला जातो आणि दहाला घरी.

७. बोलून होणारे उपचार, शॉक वगैरे

चिंता आणि मध्यम डिप्रेशनमध्ये सीबीटी नावाची, विचार करायची आणि वागायची सवय बदलायला शिकवणारी थेरपी गोळ्यांच्या तोडीस तोड काम करते, ओसीडीत ईआरपी, म्हणजे हात धुवायची ओढ लागली तरी न धुता बसायची सवय हळूहळू लावणं. एका बैठकीत जादू होत नाही, आठ-दहा-बारा बैठका धराव्या लागतात, आणि घरी अभ्यास देतात तो करावा लागतो. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची आयकॉल नावाची फोनवर समुपदेशनाची सेवा २०१२ पासून आहे, फी परवडत नसेल त्यांनी तिथे फोन करून बघा.

विजेचा शॉक म्हणलं की घरात रडारड होते. खाणंपिणं सोडलेला, दगडासारखा बसलेला, किंवा जीव द्यायच्या मागे लागलेला पेशंट असेल तर डॉक्टर सुचवतात, आणि तो भूल देऊन करतात. भूल आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधाशिवाय शॉक द्यायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदीच आहे. काही दिवस विसरायला होतं, ते विचारून घ्या.

८. ऍडमिट करायची वेळ आली तर

२०१७ च्या ह्याच मानसिक आरोग्य कायद्यात, जो मे २०१८ पासून लागू आहे, पेशंट स्वतःच्या मर्जीने ऍडमिट होऊ शकतो. तो समजण्याच्या अवस्थेत नसेल तर त्याच्या वतीने नामनिर्देशित प्रतिनिधी अर्ज करतो, दोन तज्ज्ञ वेगवेगळे तपासतात आणि पहिल्यांदा जास्तीत जास्त ३० दिवस ठेवता येतं. हा प्रतिनिधी पेशंटने बरा असताना साध्या कागदावर लिहून, सही करून नेमता येतो. दादाने बरा असताना वहिनीचं नाव लिहून ठेवलंय. पाच मिनिटांचं काम आहे, आजच करा.

९. खर्च आणि कागद

आरोग्य विम्यात मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच धरायचं असं हाच कायदा सांगतो. पण प्रत्यक्षात बऱ्याच पॉलिसीत ओपीडीचा खर्च बसत नाही, ऍडमिट झालं तरच, तेव्हा पॉलिसी आधी वाचा, आणि आजार लपवून पॉलिसी काढू नका, क्लेमच्या वेळी तेच नडतं. रोजच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात, बाहेर घ्यायच्या तर जनऔषधी केंद्रात विचारा, खूप फरक पडतो. आजार जुना आणि काम करणं अशक्य होईल इतका असेल तर अपंगत्वाच्या दाखल्यासाठी ऑनलाईन अर्ज करून यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र काढता येतं, २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात मानसिक आजार येतो, अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर सवलती लागू होतात. त्यासाठी जुनी फाईल लागते. म्हणून एकही चिठ्ठी फेकायची नाही.

१०. मरणाचं बोलला तर

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि मी मुद्दाम साधं लिहिते. "जीव द्यावासा वाटतोय का?" असं सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात विचार घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर, रात्र असेल तर सरकारी हॉस्पिटलचा अपघात विभाग, १०८ किंवा ११२, बोलायला १४४१६. शेतकरी घर असेल तर फवारणीचं औषध आणि तणनाशक घराबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात, कुलपात. गोळ्याही एका वेळी आठवड्याच्याच त्याच्या हातात द्या. प्रयत्न झालाच तर पोलीस केसच्या भीतीने दवाखाना टाळू नका. २०१७ च्या कायद्यानुसार अशा माणसाला तीव्र मानसिक ताण होता असंच गृहीत धरतात आणि त्याच्यावर उपचार करायची जबाबदारी सरकारची आहे.

११. सांभाळणाऱ्यांसाठी

वहिनी दोन वर्षं माहेरी राहायला गेली नाही. आता महिन्यातून दोन दिवस मी गावी जाऊन थांबते आणि ती जाते, दुपारी जेवली की एसटी धरते. नातेवाईकांना हेच सांगा: फुकटचे सल्ले नकोत, दोन दिवस येऊन थांबा. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या ठिकाणी घरच्यांचे गट भरतात, तिथे मी पहिल्यांदा गेले तेव्हा शेजारच्या मावशी हळूच म्हणाल्या, "तुमच्याकडे खुर्च्या, आमच्याकडे शिलाई मशीन. सात." मी अडीच वर्षांत पहिल्यांदा त्या विषयावर हसले.